टब रिकामा केला की खालच्या मजल्यावर थेंब: फोडाफोडीआधी गळती कुठली हे कसं ओळखायचं?

पाथर्डीफाटा_३०२

नमस्कार मंडळी. पाथर्डी फाट्याजवळ सात मजली बिल्डिंग, आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, ताबा २०१८ चा. मोठ्या बेडरूमच्या बाथरूममध्ये साडेपाच बाय अडीच फुटी अ‍ॅक्रिलिक टब आहे. तो भिंतीला चिकटून आहे आणि पुढून विटा रचून, टाइल्स लावून पूर्ण बंद केलेला आहे. खाली बघायला झडप ठेवलेली नाही. टबाच्या वर भिंतीत कन्सील्ड डायव्हर्टर (पाणी तोटीकडे की शॉवरकडे ते ठरवणारा, भिंतीत गाडलेला व्हॉल्व), त्याखाली तोटी, वर शॉवर. पाइप सगळे सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाण्याला चालणाऱ्या प्लास्टिकचे. बाथरूमचा स्लॅब संकन, म्हणजे खाली घेऊन वर भराव टाकलेला, आहे.

दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या बाथरूमच्या छताला ताटाएवढा डाग पडलाय. पोपडे सुटलेत आणि मधोमध थेंब धरतो. डाग आमच्या टबाच्या निचऱ्याच्या टोकाला, भिंतीपासून साधारण दोन फूट आत येतो. थेंब सतत नसतो. टब भरून अंघोळ झाली की ३-४ तासांनी सुरू होतो, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टपटपतो, मग थांबतो. नुसत्या शॉवरने कधी पडतो, कधी नाही. पावसाळ्यात विशेष फरक नव्हता. थंडीत गरम पाण्याने टब जास्त वापरला जातो, तेव्हा वाढलं.

एक प्लंबर म्हणतो, सगळं बाथरूम फोडा. दुसरा म्हणतो, टाइल्सच्या फटीत व्हाइट सिमेंट भरा. तिसरा म्हणतो, खालून छतात इंजेक्शन मारा. घरच्या घरी नेमकी जागा शोधता येते का? कोणत्या क्रमाने तपासायचं?

---

नळजोड

तिघांनीही औषध सांगितलं, नाडी एकानेही बघितली नाही.

टबाच्या बाथरूममध्ये गळणारं पाणी तीनच प्रकारचं असतं. एक दाबाचं पाणी, म्हणजे भिंतीतल्या पाइपचं. ते चोवीस तास दाबाखाली असतं. दुसरं निचऱ्याचं, म्हणजे टबाचं वेस्ट (तळातलं निचऱ्याचं तोंड), ओव्हरफ्लो (काठाजवळचं जादा पाण्याचं भोक) आणि न्हाणी ट्रॅप (जमिनीतला, पाणी धरून वास अडवणारा सापळा). हे फक्त पाणी सोडल्यावर गळतं. तिसरं उडालेलं पाणी, जे टबाच्या काठावरून आणि टाइल्सच्या सांध्यातून आत जातं. तुमचा थेंब थांबतो, यावरून दाबाच्या लाइनवरचा संशय बराच कमी होतो. पण संपत नाही, कारण तोटी आणि शॉवरकडे जाणारे पाइप डायव्हर्टरच्या पुढे असतात, त्यांत पाणी चालू असतानाच दाब येतो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा: संकन म्हणजे पाण्याची लपलेली टाकी. आठ बाय पाच फुटांचं बाथरूम आणि दहा इंच विटांच्या तुकड्यांचा भराव धरला, तर त्या तुकड्यांमधल्या पोकळीत अडीचशे लिटरपर्यंत पाणी मावू शकतं. त्यामुळे वर गळती झाली आणि खाली लगेच थेंब पडला, असं होत नाही. उलट, दुरुस्ती झाल्यावरही जुनं पाणी आठ-दहा दिवस उतरत राहतं आणि लोक प्लंबरला शिव्या घालतात. म्हणून सुरुवातीला ते बाथरूम चार-पाच दिवस पूर्ण बंद ठेवा, खालचा थेंब थांबू द्या. नंतर एका वेळी एकच चाचणी करा आणि दोन चाचण्यांत किमान २४ तास, शक्य तर ४८ तास सोडा. घाईत दोन चाचण्या एकत्र केल्या तर उत्तर मिळत नाही आणि आठवडा वाया जातो.

चाचणी १, दाबाची लाइन. हार्डवेअरच्या दुकानात अर्धा इंची आट्याचा, ० ते ७ किलोचा (म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला किलो) प्रेशर गेज मिळतो. हेल्थ फॉसेटचा पाइप काढून त्या अँगल कॉकला गेज टेफलॉन लावून बसवा आणि कॉक उघडा. वरच्या टाकीचं पाणी असेल तर दर १० मीटर उंचीला १ किलो दाब मिळतो, म्हणजे तुमच्या मजल्यावर काटा दीड किलोच्या आसपास थांबायला हवा. आता डक्टमधला (बाहेरच्या पाइपांच्या उभ्या बोळातला) बाथरूमचा मेन व्हॉल्व बंद करा आणि काटा बघा. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे बंद लाइनमधून चमचाभर पाणी गेलं तरी काटा सपकन खाली येतो. एक तास काटा हलला नाही तर लाइन शाबूत.

यात दोन ठिकाणी फसगत होते. गीझर गरम असताना चाचणी केली, तर पाणी थंड होताना आकसतं आणि गळती नसतानाही काटा उतरतो. म्हणून गीझर आदल्या रात्रीपासून बंद हवा. दुसरं, मेन व्हॉल्व जुना असेल तर तोच पूर्ण बंद होत नाही. तो वरून पाणी देत राहतो आणि काटा खोटा खोटा स्थिर दिसतो. व्हॉल्व बंद केल्यावर एक नळ उघडून धार पूर्ण थांबते का ते बघा, मग नळ बंद करा, व्हॉल्व क्षणभर उघडून पुन्हा दाब भरा आणि बंद करून मोजायला सुरुवात करा. हेल्थ फॉसेट थंड लाइनवर असतो. गरम लाइनसाठी गेज बेसिनच्या गरम अँगल कॉकवर लावून तेच सगळं पुन्हा करा.

चाचणी २, उभं पाणी. बूच लावून टब ओव्हरफ्लोच्या दोन इंच खालपर्यंत भरा. पाण्याच्या पातळीवर आतून चिकटपट्टी लावा. शेजारी एक बादली भरून ठेवा, तिच्यावरही खूण. २४ तासांनी दोन्ही बघा. दोन्हीकडे एक-दोन मिलिमीटर कमी झालं तर ती वाफ. टबात त्याहून जास्त उतरलं तर वेस्टच्या वाटीची कड किंवा टबाचा तळ. मात्र बूचच गळत असेल तर पाणी वेस्टमधून निघून जाईल आणि चाचणी फसेल. बुचाभोवती थोडं ग्रीस फिरवा.

चाचणी ३, ओव्हरफ्लो. तोच टब पुढे भरून ओव्हरफ्लोमधून पाच मिनिटं पाणी वाहू द्या आणि थांबा. या वेळी बूच काढायचं नाही. सगळं पाणी बूच काढून सोडणं ही वेगळी चाचणी आहे.

चाचणी ४, निचरा. ४८ तासांनी बूच काढून सगळं पाणी एकदम सोडा. ४० मिमी वेस्टमधून मिनिटाला ४० लिटरच्या आसपास पाणी जातं. रोजच्या बादलीच्या अंघोळीत ट्रॅपवर एवढा भार कधीच येत नाही. टबाची गळती बहुतेक वेळा इथेच पकडली जाते.

चाचणी ५, तोटी आणि शॉवर. शॉवरच्या तोंडाला जाड प्लास्टिक पिशवी दोरीने बांधून तिचं टोक बादलीत सोडा आणि दहा मिनिटं पाणी चालवा. पाणी पाइपातून जाईल, पण भिंतीवर उडणार नाही. तोटीचंही तसंच, धार थेट बादलीत. भिंतीवरची गोल चकती पुढे ओढून पाइप जिथून बाहेर येतो तिथे कोरडा टिश्यू गुंडाळा. तो भिजला तर निपलचा (भिंतीतून येणाऱ्या जोडतुकड्याचा) आटा गळतोय.

चाचणी ६, शिंतोडे. आता उलट करा. शॉवर बंद, तांब्याने टाइल्सवर आणि टबाच्या काठावर दहा मिनिटं पाणी मारा, आधी एका बाजूला, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बाजूला. या वेळी टबात कुणीतरी उभं असू दे किंवा टब अर्धा भरलेला असू दे. वजन आलं की टब एक-दोन मिलिमीटर बसतो आणि भिंतीशी असलेली फट उघडते. रिकाम्या टबावर ही चाचणी पास होते आणि अंघोळीच्या वेळी पाणी आत जातं. ‘कधी पडतो, कधी नाही’ याचं हेही एक कारण असतं.

---

गोदाकाठ

वरच्या सगळ्या चाचण्यांआधी: काकूंच्या बाथरूममधल्या छताच्या दिव्याचा आणि एक्झॉस्टचा एमसीबी पाडा. डागातून पाणी कंड्युइटमध्ये (वायरच्या नळीत) शिरलं की ते भलत्याच ठिकाणी, कधी स्विच बोर्डात, उतरतं. गीझरही त्याच सर्किटवर असेल तर तोही बंद.

डागाच्या कडेने पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहा, प्रत्येक चाचणीनंतर नवी रेघ. डोळ्यांना डाग रोज वाढल्यासारखा वाटतो, रेघ खरं सांगते. थेंबाखाली मोजपट्टीचं भांडं ठेवा. दिवसाला किती मिली जमतं हा आकडा दुरुस्तीनंतर फार उपयोगी पडतो.

---

गिलावा

‘पाण्यात रंग टाकून बघा’ असं कुणीतरी सांगेलच, म्हणून आधीच लिहितो. रंग उपयोगी आहे, पण एकाच दिशेने. खाली रंग दिसला तर पाणी तिथूनच आलं हे नक्की. रंग दिसला नाही तर काहीच सिद्ध होत नाही, कारण आधीच्या साठ्यात रंग फिका होतो आणि विटांचा चुरा बराचसा शोषून घेतो. जिलेबीचा केशरी रंग तर ओल्या प्लास्टरच्या पिवळट डागात ओळखूच येत नाही. हिरवा किंवा लाल खायचा रंग घ्या, दीडशे लिटरला निदान दोन चमचे, आणि तो टबात नव्हे तर थेट वेस्टच्या तोंडात, शेवटच्या बादलीबरोबर ओता. अ‍ॅक्रिलिकवर रंग तासन्‌तास उभा ठेवला तर बारीक चरे रंगतात, ते मग निघत नाहीत.

चरे मुद्दाम रंगवायचे असतील तर ती वेगळी गोष्ट. टबाच्या तळाला, विशेषतः वेस्टच्या वाटीभोवती, केसाएवढी चीर असल्याचा संशय असेल तर तळ कोरडा करून कपडे धुवायची नीळ पाण्यात घट्ट कालवून बोटाने चोळा आणि लगेच ओल्या फडक्याने पुसा. चीर असेल तर निळी रेघ राहते. नुसता ओरखडा असेल तर तो पुसला जातो किंवा नखाला लागत नाही.

---

पाथर्डीफाटा_३०२

आभार. बाथरूम पाच दिवस बंद ठेवलं, थेंब तिसऱ्या दिवशी थांबला. त्यानंतरचे निकाल:

दाब: थंड आणि गरम दोन्ही लाइनवर काटा १.५ किलोवर, तासाभरात हलला नाही. गीझर बंद होता.

उभं पाणी: टब आणि बादली दोन्हीकडे जेमतेम १ मिमी. नीळ चोळली, रेघ नाही.

ओव्हरफ्लो: पाच मिनिटं वाहू दिलं. ४८ तासांत खाली डागाच्या कडेला थोडी ओल, भांड्यात काही नाही.

निचरा: लाल रंग टाकून साधारण १५० लिटर एकदम सोडलं. पाणी सुटताना टबाखालून गुळगुळ आवाज आला. साडेतीन तासांनी थेंब सुरू, पाचव्या तासाला गुलाबी. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ४०० मिली जमलं.

शॉवर आणि शिंतोड्यांच्या चाचण्या अजून केल्या नाहीत. आता पुढे? टब काढावा लागेल का?

---

नळजोड

टब काढू नका. दाबाची लाइन सुटली, टबाचा तळ सुटला. दोष निचऱ्यात आहे आणि ओव्हरफ्लोही थोडा गुन्हेगार आहे. उरलेल्या दोन चाचण्या दुरुस्तीनंतर करा.

पुढच्या विटांच्या भिंतीला निचऱ्याच्या टोकाला झडप पाडा. आकार किमान १२ बाय १२ इंच. याहून लहान ठेवली तर पाना फिरवायला हात जात नाही. टाइलच्या सांध्यावरूनच कापा, म्हणजे तीच टाइल पुन्हा झडपेला लावता येईल. चार इंची ग्राइंडरची चकती फक्त टाइल आणि मसाल्यापुरती, वीस-पंचवीस मिमी आत, चालवायची. तिथून पुढे विटा छिन्नी-हातोडीने हलक्या हाताने सोडवायच्या. वीट फुटून ओव्हरफ्लोच्या पाइपवर पडली की नवीन काम वाढतं. खालची एक वीट ठेवून द्या, म्हणजे बाथरूमचं धुण्याचं पाणी आत जाणार नाही.

आत टॉर्च लावून आधी फोटो काढा, मग हात घाला. कुणाला तरी दोन बादल्या टबात ओतायला सांगा आणि बघा: वाटीखालचा मोठा चेक नट आणि त्यावरचा रबरी वायसर, ओव्हरफ्लोचा वरचा कोपरा, दोन्ही पाइप जिथे एकत्र येतात तो टी, आणि मुख्य म्हणजे तो पाइप ट्रॅपमध्ये कसा सोडलाय.

---

पाथर्डीफाटा_३०२

झडप पाडली. जे दिसलं ते असं:

टबाचा वेस्ट पाइप म्हणजे वॉशिंग मशीनला असतो तसा नालीदार पाइप, न्हाणी ट्रॅपच्या तोंडात नुसता सोडलाय. जाळी नाही. ट्रॅपच्या तोंडाशी केस आणि साबणाचा थर, बोट घातलं तर हाताला चिखलासारखा लागतो. दोन बादल्या ओतल्यावर पाणी निमूट गेलं. पाच बादल्या एकदम सोडल्यावर मात्र ट्रॅप तोंडापर्यंत भरून पाणी टबाखालच्या कोब्यावर पसरलं. तिथे टाइल नाही, नुसता कोबा आहे, आणि ट्रॅपच्या कॉलरभोवती बोटभर खाच आहे.

ओव्हरफ्लोच्या चकतीमागचा गॅस्केट बिस्किटासारखा कडक झालाय, खालच्या बाजूला थेंब येतो.

---

नळजोड

म्हणजे पाइप कुठेच फुटलेला नाही. निचरा एकदम आला की ट्रॅपला तो गिळवत नाही, पाणी वर येतं आणि कॉलरच्या खाचेतून संकनमध्ये उतरतं. बाथरूम फोडून नव्याने वॉटरप्रूफिंग केलं असतं तरी हा पाइप पुन्हा तसाच लोंबकळत सोडला गेला असता.

आता क्रमाने.

ट्रॅप. आधी हाताने, जाड मोजे घालून, केस काढा. मग प्लंबिंगची स्प्रिंग घाला, पुढच्या वाकणापर्यंत दोन-तीन फूट. कॉस्टिकचे दाणे टाकू नका. केसांच्या घट्ट गोळ्यात ते साबणासारखे जमून दगड होतात आणि ट्रॅपमध्ये साचलेलं तेच पाणी नंतर तुमच्या हातावर उडतं. टाइल्स धुवायचं अ‍ॅसिडही नको. पाइपला काही होत नाही, पण कॉलरभोवतीचं सिमेंट आणि टाइल्सचा ग्राउट ते खातं. ट्रॅप साफ झाल्यावर दोन बादल्या एका दमात ओता. पाणी तोंडाशी न थांबता गेलं पाहिजे. थांबलं तर चोक पुढे डक्टच्या बाजूला आहे. ट्रॅपमध्ये शेवटी ५० मिमीच्या आसपास पाणी उभं राहायला हवं, त्यावरच वास अडतो.

कॉलर. खाचेतला सुटा माल खरवडून काढा, ब्रशने धूळ झाडा, दोन दिवस पंखा लावून कोरडं करा. इथे व्हाइट सिमेंट चालत नाही. प्लास्टिक आणि सिमेंट वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात-आकसतात, गरम पाण्याने तर जास्तच, आणि व्हाइट सिमेंटची कड सुटते. खाच न आकसणाऱ्या ग्राउटने भरा, वरून ट्रॅपच्या कडेपासून सहा इंच बाहेरपर्यंत दोन भागांचं लवचिक पॉलिमर कोटिंग दोन हातांत (थरांत) लावा, दुसरा हात पहिल्याच्या आडवा. सांध्यावर पहिल्या हातातच फायबरची जाळी दाबा. तीन दिवस पाणी लावू नका. मग कापडाचा बोळा प्लास्टिकमध्ये गुंडाळून ट्रॅपच्या तोंडात घट्ट बसवा, आणि टबाखाली फक्त एक इंच पाणी २४ तास उभं करा. काकूंना आधी सांगा आणि खाली भांडं असू द्या.

जोडणी. नालीदार पाइप काढून टाका. त्याच्या आतल्या वळ्यांत केस अडकतात आणि तो मध्येच लोंबला की तिथे पाणी साचतं. वाटीच्या दीड इंची आट्यापासून ४० मिमी यूपीव्हीसी घ्या, एक एल्बो, आणि ट्रॅपकडे मीटरमागे २५ मिमी उतार. ट्रॅपच्या ११० मिमी तोंडात बसणारा, मध्ये ४० मिमी भोक असलेला रबरी रिड्यूसर मिळतो. मिळाला नाही तर ११० च्या एंड कॅपला होल सॉने भोक पाडून रबरी ग्रोमेट घाला. पाइपचं टोक ट्रॅपच्या पाण्याच्या पातळीच्या वर राहील एवढंच आत घाला, पाण्यात बुडवू नका. आणि टबाखाली वेगळा बॉटल ट्रॅप लावायचा मोह टाळा. दोन ट्रॅप एकामागे एक आले की मध्ये हवा कोंडते, टब अर्धा तास रिकामा होत नाही आणि तो गुळगुळ आवाज वाढतो.

वाटी. ती गळत नाहीये, पण पाइप बदलताना हलणारच, म्हणून पुन्हा बसवा. वर वाटीच्या कडेखाली न्यूट्रल सिलिकॉनचा एकच अखंड वेढा द्या. खाली टबाला टेकून जाड रबरी वायसर, त्याखाली पातळ फायबर किंवा प्लास्टिकचा वायसर आणि मग नट. पातळ वायसर विसरला तर नट फिरताना रबर मुरडतं, एका बाजूने बाहेर येतं आणि तिथूनच गळतं. नट हाताने घट्ट होईपर्यंत, पुढे पान्याने पाव ते अर्धा फेरा, बस. जोर लावला तर अ‍ॅक्रिलिकला चीर जाते. नट फिरवताना वरून वाटी कुणीतरी धरून ठेवा. पकडीचे दोन दांडे वाटीच्या जाळीत घातले की पुरतं. या नटाच्या आट्यांवर टेफलॉन गुंडाळायचं नाही. इथे पाणी वायसर अडवतो, आटे नाहीत.

ओव्हरफ्लो. गॅस्केट बदला. तो पाचरीसारखा असतो, जाड बाजू खाली. उलटा बसला तर चकती वरून घट्ट वाटते आणि खालून गळते. चकतीचे स्क्रू आलटून-पालटून थोडे थोडे आवळा.

---

गोदाकाठ

रिड्यूसर पूर्ण हवाबंद करण्यावर थोडा आक्षेप. उद्या ओव्हरफ्लोचा गॅस्केट परत गळला तर टबाखालचं पाणी जाणार कुठे? कॅपला कडेने दोन लहान भोकं ठेवली तर ते ट्रॅपमध्येच उतरेल.

---

नळजोड

आणि ट्रॅप तुंबला की त्याच दोन भोकांतून पाणी परत वर येईल, म्हणजे आज जे होतंय तेच, फक्त सावकाश. बंद ठेवलं तर तुंबलेलं पाणी टबातच उभं राहील आणि वापरणाऱ्याला त्याच दिवशी कळेल. दोष लपण्यापेक्षा डोळ्यांसमोर आलेला बरा. टबाखालची ओल बघायला आता झडप आहेच, महिन्यातून एकदा उघडून कोब्यावर हात फिरवायचा. झडपेची टाइल पक्की चिकटवू नका. मॅग्नेटची फ्रेम किंवा चार बाजूंनी सिलिकॉनची बारीक रेघ, ब्लेडने कापली की निघेल अशी.

---

गिलावा

टबाच्या काठाचं राहिलं. जुनं सिलिकॉन पूर्ण काढल्याशिवाय नवीन मारू नका, सिलिकॉनला सिलिकॉन धरत नाही. लाकडी किंवा प्लास्टिकच्या पात्याने खरवडा, स्पिरिटने पुसा, एक दिवस सुकू द्या. मग टब आधी पाण्याने भरा आणि त्यानंतरच सिलिकॉन भरा. भरल्या टबाने फट जेवढी उघडायची तेवढी उघडलेली असते. रिकाम्या टबावर मारलेलं सिलिकॉन पहिल्या अंघोळीतच ताणलं जातं आणि एका कडेने सुटतं. सिलिकॉन बाहेरून आत, दिवसाला २-३ मिमी या चालीने मुरतं, तेव्हा पाणी निदान २४ तास तसंच ठेवा. ट्यूबवर न्यूट्रल आणि सॅनिटरी हे दोन्ही शब्द बघून घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सिमेंटच्या कडेला नीट धरत नाही. फट ६ मिमीहून रुंद असेल तर आधी फोमची दोरी दाबा, नाहीतर अर्धी ट्यूब पोकळीत जाते.

गरम पाण्याने वाढतं असं तुम्ही लिहिलंत, त्यावर एक. सीपीव्हीसीचा तीन मीटरचा तुकडा ४० अंशांनी तापला तर सात-आठ मिमी लांबतो. भिंतीत करकचून गाडलेला असेल तर तो जोर तोटीच्या निपलवर आणि डायव्हर्टरच्या ब्रास आट्यावर येतो. शॉवरची चाचणी गार पाण्याने पास झाली तरी गरम पाण्याने दहा मिनिटं पुन्हा करा. निपल गळत असेल तर तोटी खोलून आटे साफ करा आणि टेफलॉनचे सहा-आठ वेढे आट्याच्या दिशेने द्या. सफेदा आणि ताग हे जीआय पाइपचं सामान, सीपीव्हीसीच्या आसपास तेलकट काही नको. उन्हाळ्यात सोसायटीत बोअरचं किंवा टँकरचं पाणी चढत असेल तर डायव्हर्टरच्या कार्ट्रिजवर पांढरा क्षार बसतो आणि ओ-रिंग कापली जाते. कार्ट्रिज तेवढं बदलता येतं, भिंत फोडावी लागत नाही.

---

पाथर्डीफाटा_३०२

ट्रॅप, कॉलर आणि जोडणी झाली. एक इंच पाणी २४ तास उभं केलं, खाली नवीन ओल नाही. परवा १५० लिटर एकदम सोडले, ट्रॅप तोंडापर्यंत आला नाही आणि आवाजही गेला. गरम पाण्याने शॉवरची चाचणी केली, टिश्यू कोरडा. पण खाली अजून दिवसाला ३०-४० मिली जमतंय, रंग नाही. आणि काकूंच्या छताचा खर्च कुणाचा? सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात, तुमचं तुम्ही बघा.

---

गोदाकाठ

सेक्रेटरी बरोबर आहेत. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत बाहेरच्या सामायिक पाइपची आणि पावसाच्या पाण्याची गळती संस्थेकडे, फ्लॅटच्या आतल्या संडास-सिंक वगैरेंची गळती सभासदाकडे. टबाचा निचरा आतला. रेराच्या (बिल्डर आणि फ्लॅटखरेदीच्या कायद्याच्या) कलम १४(३) प्रमाणे ताब्यापासून ५ वर्षांत कळवलेला बांधकामातला दोष बिल्डरने विनामूल्य ३० दिवसांत दुरुस्त करायचा असतो, पण तुमचा ताबा २०१८ चा, मुदत उलटली. ज्यांच्या ताब्याला अजून पाच वर्षं झाली नाहीत त्यांनी मात्र आपली तारीख तपासून लेखी कळवावं.

---

नळजोड

दिवसाला ३०-४० मिली, हे बहुधा जुन्या साठ्याचं पाणी. आधी ४०० होतं ना. रोजचा आकडा लिहीत राहा, उतरता असला पाहिजे. संकनला डक्टच्या बाजूला एक बारीक निचरा पाइप ठेवलेला असतो, बऱ्याचदा तो मसाल्याने बुजलेला असतो. डक्टमध्ये बघा, तारेने मोकळा झाला तर साठा दोन दिवसांत उतरेल.

खालून इंजेक्शन मारू नका. त्याने पाण्याचं तोंड बंद होतं, पाणी तसंच राहतं आणि स्लॅबमधून दुसरीकडे, बहुतेक वेळा पंख्याच्या हुकापाशी किंवा बीमच्या कडेला, निघतं. काकूंच्या छताचे सुटलेले पोपडे आत्ताच खरवडून काढा, म्हणजे प्लास्टर लवकर सुकेल. सळई गंजून प्लास्टर फुगलेलं दिसलं तर तेवढा भाग ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर काढून, सळई तारेच्या ब्रशने घासून, गंजरोधक लावून पॉलिमर मॉर्टरने भरावा लागेल. रंगाची घाई नको. थेंब थांबल्यावर तीन-चार आठवडे जाऊ द्या, मग एक फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेप लावून छताला चिकटवा. दुसऱ्या दिवशी आतून दव धरलं तर आणखी थांबा.

---

पाथर्डीफाटा_३०२

डक्टमध्ये पाइप सापडला, तोंडाशी सिमेंटचा गोळा होता. सळईने फोडल्यावर तासाभरात दोन बादल्या गढूळ पाणी आलं. काल खालच्या भांड्यात ५ मिली, आज भांडं कोरडं.